बाळंतीण पुन्हा चुलीपाशी येते तेव्हा

बाळंतपण ह्या शब्दाची व्याप्ती मराठीत मोठी आहे. मूल जन्मास येण्याची घटका काही तासांची. परंतु बाळंतपण म्हणून जो काळ ओळखला जातो तो पुढे सव्वा महिना चालतो, आणि त्या काळातला घरचा बहुतेक व्यवहार खाण्यापिण्याभोवती फिरतो. डिंकाचे लाडू वळले जातात, अळीव नारळाच्या पाण्यात भिजत पडतात, शेपूची भाजी एरवी ज्या घरात कोणी आवडीने खात नाही त्या घरातही रोज शिजते. जेवणानंतर बाळंतशेपा आणि ओवा तोंडात टाकावयास मिळतो. सकाळी मऊ भात, त्यावर तूप आणि मेतकूट. ह्या सगळ्या पदार्थांत एक गोष्ट समान आहे. ज्या स्त्रीसाठी ते होतात तिने त्यांतले काहीही स्वतः करावयाचे नसते. आई, सासू, आत्या, नाही तर पगारी बाई करते आणि बाळंतीण खाते.

ह्यात चूक काहीच नाही. उलट, ही योजना किती शहाणपणाची होती हे आजचे आहारशास्त्रही मान्य करील. अंगावर पाजणाऱ्या मातेस पहिल्या सहा महिन्यांत रोजच्या गरजेपेक्षा सुमारे 600 कॅलरी आणि 17 ग्रॅम प्रथिने अधिक लागतात, असे भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 सालच्या शिफारशी सांगतात. एक डिंकाचा लाडू, एक वाटी अळिवाची खीर आणि भातावर सढळ हाताने वाढलेले वरण-तूप ह्यांनी त्या अधिक कॅलरींचा बराच मोठा वाटा सहज भरून निघतो. आजीला कॅलरीचे नाव ठाऊक नव्हते, पण माप तिच्या हातात होते.

तथापि ह्या परंपरेत एक जागा रिकामी राहिली आहे. बाळंतिणीने काय खावे, काय वर्ज्य करावे, कोणत्या दिवशी कोणाचे पूजन करावे हे सगळे तपशीलवार ठरलेले आहे. पाचवीला आणि सटवीला नेमका दिवस आहे, बारशाला बारावा दिवस आहे. परंतु ती स्त्री ज्या दिवशी पुन्हा स्वतःच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकते आणि स्वतःच्या हाताने पहिला पदार्थ करते, त्या दिवसाला मराठी घरांत सहसा नाव नसते. तो दिवस आला तसा निघून जातो. वास्तविक त्या दिवशी काही महत्त्वाचे घडत असते, आणि ते कोठे स्पष्ट दिसते तर माहेरापासून दूर असलेल्या घरांत. रायपूरची मराठी घरे ही अशा घरांचे चांगले उदाहरण होत.

छत्तीसगड आणि मराठी माणूस ह्यांचा संबंध जुना आहे. 1741 साली नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत ह्यांनी रतनपूरवर स्वारी केली. 1758 पासून बिंबाजी भोसले रतनपुरास राहून कारभार पाहू लागले. पुढे 1818 नंतर इंग्रजांनी मुख्य ठाणे रतनपुराहून रायपुरास हलविले आणि 1854 साली नागपूरचे राज्यच खालसा झाले. राज्य गेले तरी माणसे राहिली, आणि आणखी आली. मध्य प्रांताची राजधानी नागपूर असल्यामुळे 1956 पर्यंत कचेऱ्या, शाळा, न्यायालये आणि रेल्वे ह्यांच्या निमित्ताने वऱ्हाड-नागपूरकडील कुटुंबे रायपुरास येत राहिली. ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक 1900 साली सुरू करणारे माधवराव सप्रे हे ह्याच मराठी मंडळींपैकी. आज चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळात गणपती बसतो, मराठी नाटके होतात; पण तीन-चार पिढ्या तेथेच वाढलेल्या घरांत मुले आपसांत हिंदी बोलतात आणि भाजीवालीशी छत्तीसगढी.

अशा घरात सून बहुधा नागपूर, अमरावती वा पुण्याकडून येते. नागपूर रायपूरपासून सुमारे 300 किलोमीटर. पुणे त्याच्या कितीतरी पलीकडे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची चाल असली तरी नोकरी, इस्पितळ आणि नवऱ्याची बदली ह्यांच्या हिशेबात पुष्कळ वेळा आईच लेकीकडे येते. ती एक ट्रंक भरून येते. त्यात डिंक असतो, खारीक असते, सुके खोबरे, खसखस, घरी दळलेले मेतकूट असते. महिना, फार तर दीड महिना ती राहते. मग तिच्या घरचे बोलावणे येते आणि ट्रंक रिकामी होऊन परत जाते. ज्या दुपारी आईची गाडी सुटते त्या दुपारी घरात प्रथमच तिघे जण उरतात, आणि त्यांपैकी एकाला फक्त रडता येते.

रायपुरात ही जागा काही अंशी शेजार भरून काढतो. छत्तीसगढीत बाळंतिणीला छेवारी म्हणतात. तिच्यासाठी सुंठ, गूळ, तीळ घालून लाडू होतात ते मराठी लाडवांचे सख्खे भावंड वाटावेत इतके जवळचे. सहाव्या दिवशी, म्हणजे मराठी घरांत सटवीची आठवण होते त्याच सुमारास, तिकडे छठी असते आणि त्या दिवशी कांके पानी होते. कांके नावाच्या वनौषधीचा गूळ, सुंठ वगैरे घालून उकळलेला तो काढा छेवारीला तर देतातच, पण घरी आलेल्या बायकांनाही पेल्यापेल्याने देतात. ही रीत विशेष लक्षात घेण्यासारखी आहे. मराठी बाळंतकाढा एकटी बाळंतीण नाक मुरडून पिते. कांके पानी सगळ्या जणी तिच्याबरोबर पितात. औषधाचा कडवटपणा वाटून घेण्याची ही कल्पना मराठी घरांनी उचलली असती तर बरे झाले असते, आणि रायपुरात शेजारधर्माच्या वाटेने ती काही घरांत आलीही असेल.

पण शेजारणीही आपापल्या घरी जातात. उरलेल्या त्या स्त्रीची मनःस्थिती काय असते?

डोनल्ड विनिकॉट नावाचे एक इंग्रज बालरोगतज्ज्ञ आणि मनोविश्लेषक होऊन गेले. 1940 च्या दशकापासून त्यांनी बीबीसीवरून मातांसाठी भाषणे दिली. ती साध्या भाषेत असत आणि त्यांत उपदेश कमी असे. 1956 साली लिहिलेल्या एका निबंधात त्यांनी असे मांडले की, प्रसूतीच्या आधीचे आणि नंतरचे काही आठवडे आई बाळात इतकी गुंतून जाते की, पोटी मूल नसते तर त्या अवस्थेला आजारच म्हणावे लागले असते. बाळाची प्रत्येक हालचाल तिला कळते आणि स्वतःची तहान मात्र कळत नाही. ही अवस्था आवश्यक आहे. आणि तितकेच आवश्यक आहे तिच्यातून हळूहळू बाहेर येणे. पुढे 1973 साली डेना राफेल ह्या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ स्त्रीने ह्या स्थित्यंतरासाठी ‘मॅट्रेसन्स’ असा शब्दच घडविला. मुलगी वयात येते त्या काळाला जसे नाव आहे, तसे स्त्री आई होते त्या काळालाही असावे, हा त्यामागचा विचार. दोन्ही काळांत शरीर बदलते, झोप आणि मन बदलते, आणि आरशातल्या व्यक्तीची नव्याने ओळख करून घ्यावी लागते.

बाहेर येण्याच्या वाटा निरनिराळ्या असू शकतात. कोणी पुन्हा गाऊ लागते, कोणी कचेरीत जाऊ लागते. साधा स्वयंपाक ही त्यांतली एक वाट आहे, आणि तिचा विशेष असा की ती घरातच आहे व बाळ झोपले असता चालता येते.

तान्ह्या बाळाचे काम ज्याने केले आहे त्याला हे सांगावे लागणार नाही की ते काम कधी संपत नाही. नवजात मूल चोवीस तासांत आठ ते बारा वेळा दूध मागते. पाजून झाले की ढेकर, ढेकरानंतर दुपटे, दुपटे बदलून होते तोच पुन्हा भूक. दिवस आणि रात्र ह्यांतली शीवच पुसून जाते. संध्याकाळी कोणी विचारले, ‘आज दिवसभर काय केलेस?’ तर उत्तर देता येत नाही, आणि दिवसभर क्षणाची उसंतही मिळालेली नसते. ह्या अखंड वाहणाऱ्या काळात भात ही एक निश्चित गोष्ट आहे. तांदूळ धुतले, पाणी घातले, झाकण ठेवले. वीस मिनिटांनी भात झाला. त्याला आरंभ आहे, मध्य आहे आणि शेवट आहे. झाकण काढले की वाफ येते आणि काम पुरे झाल्याचे डोळ्यांना दिसते. नव्या आईला दिवसभरात अशी पुरी झालेली दुसरी गोष्ट क्वचितच मिळते.

आणि रायपुरात तांदळाला तोटा नाही. छत्तीसगडला धानाचे कोठार म्हणतात ते उगीच नव्हे. डॉ. रिछारिया ह्या कृषिशास्त्रज्ञांनी 1970 च्या दशकात ह्या मुलखातले हजारो वाण गावोगाव हिंडून गोळा केले. रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाच्या संग्रहात आज वीस हजारांहून अधिक नमुने आहेत. बाजारात दुबराज मिळतो, विष्णुभोग मिळतो, सरगुजेकडचा बारीक आणि सुवासिक जीराफूल मिळतो. आंबेमोहोराची सवय असलेली सून आरंभी ह्या तांदळांना बिचकते. पाणी किती घालावे हेच कळत नाही. कधी भात फडफडीत होतो, कधी खीर होते. चार-सहा वेळा बिघडल्यावर हाताला अंदाज येतो. ह्या अंदाजालाच नव्या गावात घर होणे म्हणतात.

पहिल्या दिवसांत करावयाचे पदार्थ एका हाताने करता येण्याजोगे हवेत, कारण दुसऱ्या हातावर बहुधा मूल असते. पोळ्या त्यात बसत नाहीत. पोळीला दोन हात आणि सलग अर्धा तास लागतो. धिरडे बसते. छत्तीसगडातला चीला म्हणजे तांदळाच्या पिठाचे धिरडेच. पीठ पाण्यात कालवावे, मीठ, हिरवी मिरची, कोथिंबीर घालावी आणि तव्यावर ओतावे. मध्येच बाळ उठले तर गॅस बंद करावा, पीठ रागावत नाही. उरलेल्या भाताचा फरा होतो: भात मळून त्यात तांदळाचे पीठ घालावे, बोटाएवढ्या वळकट्या करून वाफवाव्यात, वर तिळाची फोडणी द्यावी. वैदर्भी घरातले आळण तर ह्या काळासाठीच जन्मले असावे. चिरलेली पालेभाजी शिजवून तिला बेसन लावले आणि लसणाची फोडणी दिली की भाजीही झाली आणि वरणही झाले. रायपूरच्या बाजारात लालभाजी, चेंच, करमत्ता अशा कितीतरी भाज्यांचे ढीग असतात. नागपूरचे आळण चेंचभाजीचे करून पाहिले म्हणून त्याचे काही बिघडत नाही.

येथे विनिकॉट ह्यांचीच आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1970 साली, मृत्यूच्या आदल्या वर्षी, एका भाषणात त्यांनी सॉसेज शिजविण्याचे उदाहरण घेतले. एक माणूस पाकशास्त्राच्या प्रसिद्ध पुस्तकात पाहून त्याबरहुकूम शिजवितो. दुसरा सॉसेज हाती घेतो आणि जगात हा पदार्थ प्रथमच होत आहे अशा रीतीने कसाबसा शिजवितो. चव कदाचित सारखीच येईल, दुसऱ्याचा पदार्थ एखादे वेळी बिघडेलही. परंतु करणाऱ्याच्या दृष्टीने हे दोन अगदी भिन्न अनुभव आहेत, असे ते म्हणाले. पहिल्याच्या पदरी आज्ञापालनाखेरीज काही पडत नाही. दुसऱ्याला आपण खरोखर आहोत असे वाटते, आणि शिजविता शिजविता आपल्या मनात काय काय आले ह्याचे त्यालाच नवल वाटते.

ह्याचा अर्थ पुस्तके फेकून द्यावीत असा नाही. लक्ष्मीबाई धुरंधरांचे ‘गृहिणी-मित्र’ 1910 साली निघाले, कमलाबाई ओगले ह्यांची ‘रुचिरा’ 1970 साली. आईपासून दूर संसार थाटलेल्या कितीतरी मुलींना ह्या पुस्तकांनी आईसारखी सोबत केली. वाटी-चमच्याचे माप हाती असले म्हणजे धीर येतो. मात्र नव्या आईभोवती त्या सुमारास सूचनांचा नुसता भडिमार चाललेला असतो. डॉक्टर सांगतात, सासू सांगते, आई फोनवरून सांगते, शेजारीण सांगते, आणि हातातला मोबाइल तर मध्यरात्रीही सांगतो. बाळाला कसे धरावे, कसे निजवावे, तिने काय खावे, किती झोपावे. अशा वेळी पोह्यांत शेंगदाणे घालावेत की मटार, एवढा एक निर्णय तरी कोणालाही न विचारता घेता आला तर त्याचे मोल पोह्यांहून फार अधिक आहे.

नेमकी हीच गोष्ट हिरावून घेतली जाण्याचा धोका असतो. साध्या स्वयंपाकाचे गुणगान करणाऱ्याने हे विसरता कामा नये की, ह्या देशात स्त्रीला चुलीपाशी आणण्यासाठी गुणगानाची गरज कधी पडली नाही. ती तेथे होतीच. सव्वा महिना संपला, आता घरच्या आठ माणसांचा स्वयंपाक सुरू कर, असे सांगून जिला ओट्यापाशी उभे केले जाते तिला तेथे स्वतःचा शोध लागण्याचा संभव नाही. तिला तेथे पाठदुखी लागेल. एका माणसासाठी, स्वतःसाठी, मनात आले म्हणून केलेले आळण आणि फर्मानाने केलेले आळण ह्यांची कृती एकच असते, पण पहिल्याने भूक भागून मनही थाऱ्यावर येते आणि दुसऱ्याने केवळ भांडी वाढतात. म्हणून हे काम तिने मागून घ्यावे, आणि नको वाटेल त्या दिवशी नाही म्हणण्याची मुभा तिला असावी.

दुसरीही एक मर्यादा सांगितली पाहिजे. प्रसूतीनंतरचे औदासीन्य हा खरा आजार आहे. भारतातील निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्र विचार करून 2017 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या नियतकालिकात आलेल्या लेखात त्याचे प्रमाण शंभर मातांत सुमारे 22 असल्याचा अंदाज दिला आहे. दोन आठवड्यांहून अधिक काळ काहीच गोड लागत नसेल, बाळ झोपले तरी झोप येत नसेल, आपण आई होण्यास नालायक आहोत असे सारखे वाटत असेल, तर तेथे खिचडीचा उपयोग नाही, डॉक्टरांचा आहे. शासनाची ‘टेलिमानस’ ही दूरध्वनी सेवा 2022 पासून सुरू असून 14416 ह्या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. ‘बाळंतपणात सगळ्यांनाच रडू येते’ असे म्हणून हे औदासीन्य झाकण्याची सवय रायपुरापासून रत्नागिरीपर्यंत सारखीच आहे.

आणि वडील? नव्या घरात जन्मलेला दुसरा नवा माणूस तोच. केंद्र सरकारच्या पुरुष कर्मचाऱ्यास 15 दिवसांची पितृत्व रजा मिळते. खासगी नोकरीत ती मालकाच्या मर्जीवर असते. आईला मात्र 2017 च्या दुरुस्तीपासून 26 आठवड्यांची रजा कायद्याने आहे. ह्या अंतरामुळे बाप आरंभापासूनच पाहुण्यासारखा होतो. बाळाला पाजणे त्याच्या हाती नाही, पण पाजणारीला जेवू घालणे त्याच्या हाती आहे. रात्री दोन वाजता गरम करून दिलेला वाटीभर मऊ भात हे पितृत्वाचे अगदी आरंभीचे आणि अगदी भरीव कर्तव्य होय. मेतकुटाचा डबा कोठे असतो हे ज्याला ठाऊक नाही त्याने ते प्रसूतीच्या आधीच विचारून ठेवावे.

राहता राहिला पथ्याचा प्रश्न. आईने जरा चवीचे खाल्ले की बाळाचे पोट दुखते, ह्या भीतीने कित्येक घरांत बाळंतिणीला महिनोन् महिने मिळमिळीत अन्न मिळते. पण बाळंतिणीच्या ताटात लसणाची चटणी वाढणाऱ्या जुन्या बायकांचा अनुभव वेगळा होता, आणि त्याला अनपेक्षित ठिकाणाहून दुजोरा मिळाला आहे. फिलाडेल्फिया येथे जुली मेनेला आणि गॅरी बोशँप ह्या संशोधकांनी 1991 साली अंगावर पाजणाऱ्या मातांना लसणाच्या गोळ्या दिल्या. सुमारे दोन तासांनी दुधाला लसणाचा वास अधिक येऊ लागला. मुलांनी तोंड फिरविले नाही. ती नेहमीपेक्षा अधिक वेळ दूध पीत राहिली. पुढे त्याच संशोधकांनी गाजराच्या रसावर प्रयोग केला, तेव्हा आईच्या दुधातून ती चव आधी ओळखीची झालेल्या मुलांनी गाजराची चव असलेली पेज अधिक खुशीने घेतली. सारांश, आई आळणाला फोडणी देते तेव्हा ताटावर एकटी बसलेली असली तरी जेवणारे दोघे असतात.

सहाव्या महिन्यानंतर ते दुसरे माणूस उघडपणे जेवावयास बसते. मराठी घरांत उष्टावण होते. मामा नागपुराहून येतो आणि खिरीचे बोट चाटवितो. पण खरे खाणे सुरू होते ते दुसऱ्या दिवशी. तांदूळ धुऊन सावलीत वाळवावे, थोडी मुगाची डाळ त्यात मिसळावी, दोन्ही मंद आचेवर खमंग भाजून रवाळ दळावे आणि पाण्यात शिजवून पातळसर पेज करावी. वरून तुपाचा एक थेंब. रायपुरात हा तांदूळ दुबराज असला तर भाजतानाच शेजारणीला वास जातो, आणि ती दारातून डोकावून छत्तीसगढीत विचारते की लेकरू जेवू लागले का.